नानांची जपानी तलवार

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजेची संख्या 25 लाखांवर गेली होती. सगळे स्वखुशीने भरती झालेले, असं पुस्तकांत लिहितात. दुष्काळ आणि सावकाराचं कर्ज यांनाही स्वखुशीत धरलं तर ते खरंच आहे. त्यातले जे ब्रह्मदेश, मलाया, सिंगापूर या बाजूला होते ते 1946 च्या आसपास घरी परतले, तेव्हा त्यांच्या लोखंडी ट्रंकेत कांबळं आणि पदकं यांच्याबरोबर एखादी जपानी वस्तूही आली. कुणी जपान्यांनी ब्रह्मदेशात छापलेल्या नोटा आणल्या, कुणी सिगारेटची डबी, कुणी संगीन, कुणी तलवार. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडे अशी घरं जास्त असावीत. मराठा पलटणीची चौथी बटालियन मार्च 1944 मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी लढली, आणि पहिली बटालियन तर युद्ध संपल्यावर 1946 मध्ये थेट जपानात पहाऱ्यासाठी गेली होती. पण आपल्या वऱ्हाडातूनही माणसं गेली. माझे नाना त्यांपैकी एक.

नाना पुसदचे. कामठीला भरती झाले आणि आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये मोटार हाकायला लागले. मी नववीत असताना त्यांचा इंतकाल झाला. लढाईबद्दल ते फार बोलत नसत. बोलले तर चिखलाबद्दल, जळवांबद्दल आणि एका खचलेल्या रस्त्यावर तीन दिवस ट्रक कसा अडकून पडला होता त्याबद्दल. कोठीच्या खोलीत धान्याच्या कणगीमागे जाड खादीत गुंडाळलेली एक तलवार असे. ती आम्हां मुलांना ईदच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, दुरून दाखवली जायची. हात लावायची परवानगी नव्हती.

नानांनी जे सांगितलं नाही ते त्यांच्या माघारी मामूंनी सांगायला सुरुवात केली. आधी गोष्ट एवढीच होती की एका जपानी शिपायाकडून ती मिळाली. काही वर्षांनी शिपायाचा अफसर झाला, मग अफसराचा जनरल. शेवटी शेवटी तर नानांनी समोरासमोरच्या झुंजीत ती जनरलच्या हातातून हिसकावली होती आणि ती चारशे वर्षांपूर्वीची सामुराई तलवार होती. लग्नाकार्यात जेवणं आटोपली की ही गोष्ट ठरलेली. ऐकताना मजा यायची, हेही खरं.

दोन वर्षांपूर्वी बडे मामू गेले आणि वाटणीचा विषय निघाला. शेत आणि घर यांचा हिशेब एका बैठकीत मिटला. अडलं तलवारीपाशी. थोरला मामेभाऊ म्हणाला, मोठ्या मुलाकडे राहील. मधल्याला नागपूरच्या कुणी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने सांगितलं होतं की सामुराई तलवार असेल तर लाखांत जाते, तेव्हा विकून पैसे तिघांत वाटावेत. धाकट्याची बायको मात्र एकच म्हणत होती, ही वस्तू आजच्या आज घराबाहेर काढा. तिचं माहेर अशा गावातलं, जिथे एकदा दंगलीनंतर घरोघर झडती झाली होती. ती म्हणाली, "आपा, आपल्या घरात तलवार सापडली तर वर्तमानपत्रात कसं छापून येतं, तुम्हांला ठाऊक नाही का? तेव्हा कोण विचारणार आहे की ही नानांची, लढाईतली?"

तिचं बोलणं खोलीतल्या सगळ्यांना लागलं. तिघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरात उर्दू, मराठी आणि जुने कागद वाचणारी मीच. मी म्हटलं, आधी ती काय आहे ते तरी बघू. जी वस्तू काय आहे हेच माहीत नाही, ती विकायची, ठेवायची की सरकारजमा करायची, हे ठरणार कसं?

मी शस्त्रांची जाणकार नाही. पण ज्याला अक्षरं वाचायची सवय आहे त्याला खुणाही शोधता येतात, आणि जपानी लष्करी वस्तूंवर खुणा भरपूर असतात. उन्हाळ्याच्या सुटीत मी पुसदला राहिले, दिवसा अंगणात चटईवर तलवार ठेवून एकेक गोष्ट पाहिली, फोटो काढले आणि रात्री वाचत बसले.

पहिली गोष्ट मूठ. जपानी अफसरांच्या तलवारीची मूठ लाकडाची, तिच्यावर माशाच्या खरखरीत कातड्याचं आवरण आणि वरून फीत गुंडाळून केलेली चौकटींची वीण. अशी मूठ पात्याला बांबूच्या एका छोट्या खुंटीने अडकवलेली असते. नानांच्या तलवारीवर वीण दिसत होती, पण बोट फिरवलं तर ती फीत नव्हतीच. अख्खी मूठ धातूची ओतीव, विणीचा आकार ओतकामातच काढलेला आणि त्यावर रंग. रंग उडालेल्या जागी ॲल्युमिनियमचा पांढरेपणा दिसत होता. खुंटीच्या जागी होता स्क्रू.

इथेच चारशे वर्षं गळून पडली. जपानमध्ये 1876 च्या फर्मानाने सामान्यांना कमरेला तलवार लावायची बंदी झाली आणि सामुराईंचा तो मान संपला. पुढे 1930 नंतरच्या लष्करी राजवटीने जुन्या धाटणीच्या तलवारी फौजेत पुन्हा आणल्या, अफसरांसाठी आणि खालच्या हुद्द्यांसाठीही. ओतीव मुठीची, स्क्रूची तलवार ही खालच्या हुद्द्याच्या लोकांची, म्हणजे आपल्याकडच्या नाईक-हवालदारांची. तिला 95 नमुना म्हणतात. हा 95 कुठून आला ते मला फार आवडलं. जपान्यांचं एक राजशक आहे, ते इसवी सनाच्या 660 वर्षं पुढे. 1935 मध्ये 660 मिळवले की 2595, त्यातले शेवटचे दोन आकडे. उमरखेडकडच्या जुन्या कागदांवरच्या फसली सालात 590 मिळवून इसवी सन काढणाऱ्या माणसाला हे काही अवघड नाही. जपानी रायफल 99 म्हणजे 1939 ची, तीही याच हिशेबाने. मात्र त्यांची जी आकड्यासारखी पुढे वळलेल्या पकडीची संगीन असते, तिचा 30 हा आकडा राजशकाचा नाही. तो मेइजी बादशहाच्या कारकिर्दीच्या तिसाव्या वर्षाचा, म्हणजे 1897 चा. अफसरांच्या तलवारीवर मुठीच्या आतल्या भागात तारीख कोरलेली असली तर बहुधा शोवा बादशहाचं वर्ष असतं, त्यात 1925 मिळवायचे. शोवा 18 म्हणजे 1943.

दुसरी गोष्ट क्रमांक. पात्यावर मुठीजवळ पाच आकडे ठोकलेले होते, आपल्या ओळखीच्या इंग्रजी आकड्यांतच. मुलं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात ना, तसं मी पातळ कागद ठेवून ठसा उतरवला. नंतर वाचण्यात आलं की जपानी जाणकारही शेकडो वर्षं तलवारींचे ठसे कागदावर असेच घेत आले आहेत. तोच क्रमांक म्यानाच्या तोंडापाशी, रंगाखाली दबलेला सापडला. पातं आणि म्यान यांचा क्रमांक जुळला म्हणजे दोघं पहिल्यापासून एकत्र आहेत. धाकट्या भावाने टॉर्च धरली होती, त्याला आकडे माझ्याआधी दिसले आणि तो लहान मुलासारखा ओरडला.

तिसरी गोष्ट मुठीच्या कड्यावरचे बारीक छाप. एक चार गोळे रचून ठेवल्यासारखा. तो टोकियो आणि कोकुरा इथल्या सरकारी शस्त्र कारखान्यांचा. त्याच्याशेजारी तपासनिसाचं एक जपानी अक्षर. आणि पात्यावर, आपले लोहार ज्याला पाणी देणं म्हणतात त्याची नागमोडी पांढुरकी रेघ नव्हती. जुने जपानी कारागीर धारेखेरीज बाकी पात्यावर मातीचा जाड लेप देऊन ते तापवून पाण्यात बुडवत, त्यामुळे धारेलगत ढगांसारखी रेघ उमटते. यंत्रावर हजारोंनी निघालेल्या पात्यात ती दिसत नाही.

अफसरांची तलवार घरात असेल तर आणखी शोधायला वाव असतो. अफसर आपली तलवार स्वतःच्या पैशाने घेत. काहींनी घराण्यातलं जुनं पातं काढून त्याला लष्करी मूठ बसवली, म्हणून युद्धातल्या साध्या म्यानात खरोखर जुनं पातं निघालं असंही घडलं आहे. मूठ काढल्यावर आतल्या गंजलेल्या भागावर कारागिराची सही सापडू शकते. सेकी नावाच्या गावाचा छाप तिथे असेल तर पातं बहुधा युद्धकाळातलं. ते गाव आजही सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्या आतल्या भागाचा गंज मात्र कधीही खरवडू नये. वय ओळखण्याची ती जागा. खरवडली की सही जाते आणि किंमतही.

आमच्या तलवारीवर सही नव्हती, असणारही नव्हती. ती सरकारी मालकीची, नंबर घालून दिलेली. ज्याच्या कमरेला ती होती त्याचं नाव तिच्यावर कुठेच नाही.

मी हे सगळं तिघा भावांना सांगितलं तेव्हा मधल्याचा चेहरा उतरला. जनरल गेला, सामुराई गेला, लाखही गेले. थोरला चिडून म्हणाला, "म्हणजे नाना खोटं बोलले?" नाना काहीच बोलले नव्हते, बोलले ते आपण. मग मी नानांची ट्रंक मागितली. तिच्या तळाशी फौजेतून सुटल्याचा कागद होता. त्यावर ड्रायव्हर ही जागा, 1946 हे साल आणि ब्रह्मदेशच्या मोहिमेचं पदक, ज्याला बर्मा स्टार म्हणतात, त्याची नोंद. पदक नानीच्या शिवणाच्या डब्यात बटणांमध्ये सापडलं. नानी आता नव्वदीत आहे, कानाने कमी ऐकते, पण विचारल्यावर तिने लगेच सांगितलं की रंगूनकडे जपान्यांनी हत्यारं टाकली तेव्हा तलवारींचा ढीग पडला होता, आणि गाव सोडून चार वर्षं झालेल्या ड्रायव्हरला साहेबाने त्यातली एक दिली. इतकी वर्षं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

ढिगाची गोष्ट इतिहासाशी जुळते. 12 सप्टेंबर 1945 ला सिंगापूरला जपानी जनरल इतागाकीने शरणागतीच्या कागदावर सही केली. आग्नेय आशियातले दोस्त सेनापती माउंटबॅटन यांचा आग्रह होता की जपानी अफसरांनी तलवारी आपल्याच सैनिकांसमोर खाली ठेवाव्यात, म्हणजे आपण हरलोच नाही असं उद्या कुणी म्हणू नये. जपानचे फील्ड मार्शल तेराउची आजारी होते, त्यांनी 30 नोव्हेंबरला सायगावला आपल्या तलवारी माउंटबॅटन यांच्या हाती दिल्या. त्यातली एक इंग्लंडच्या राजाकडे गेली. चौदाव्या फौजेचे सेनापती स्लिम यांनी ब्रह्मदेशातल्या जनरल किमुराची तलवार स्वतःच्या घरात ठेवली आणि आठवणींत तसं लिहिलं. मोठ्यांच्या तलवारी मोठ्यांकडे गेल्या, नाईक-हवालदारांच्या तलवारी ढिगात.

भावांना जी झुंज हवी होती ती खरोखर एकाची झाली होती. बलूच रेजिमेंटचे नाईक फजल दीन. 2 मार्च 1945 ला मेइक्तिलाजवळ एका जपानी अफसराची तलवार त्यांच्या छातीतून आरपार गेली. त्याने ती बाहेर ओढली, तशी फजल दीन यांनी त्याच्या हातातून हिसकावून त्यालाच मारलं, आणखी शत्रू लोळवले, मग प्लाटूनच्या ठाण्यावर जाऊन हकिगत सांगितली आणि थोड्या वेळात प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही गोष्ट ऐकून थोरला बराच वेळ गप्प होता. कुणा दुसऱ्याचं शौर्य आपल्या आजोबांच्या नावावर चढवण्याची गरज काय? त्या मोहिमेत डिझेल, पीठ, दारूगोळा आणि जखमी माणसं डोंगरातल्या रस्त्यांवरून वाहून नेणारे ड्रायव्हर नसते तर चौदावी फौज इंफाळच्या पुढे सरकली नसती. नाना जे चिखलाबद्दल बोलत तीच त्यांची लढाई होती.

धाकट्याने एक वेगळाच प्रश्न काढला. ही ज्याची होती त्याच्या घरी परत पाठवता येणार नाही का? त्याने फोनवर वाचलं होतं की जपानी शिपायांकडे असलेले, घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी सह्या करून दिलेले झेंडे त्यांच्या घरांपर्यंत परत पोचवण्याचं काम चालतं. ते खरं आहे. झेंड्यावर नावं असतात म्हणून घर सापडतं. आपल्यापैकी कुणाच्या ट्रंकेत लाल गोळ्याचं, उभ्या जपानी अक्षरांनी भरलेलं पांढरं कापड असेल, तर ते कुण्या आईच्या मुलाचं आहे हे लक्षात ठेवावं. तलवारीचं तसं नाही. नाव नाही, नुसता नंबर. शिवाय जपानच्या 1958 च्या कायद्यात जुन्या पद्धतीने घडवलेल्या, कलावस्तू म्हणून नोंदलेल्या तलवारीच ठेवता येतात. यंत्रावर बनलेली फौजी तलवार तिथे नोंदली जात नाही, नष्ट केली जाते. म्हणजे ज्या देशात ती बनली तिथे तिला जागा नाही. पुसदच्या कणगीमागे मात्र ती पाऊणशे वर्षं राहिली.

आता धाकट्याच्या बायकोचा प्रश्न. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा तोच होता. ओळखीच्या वकिलांकडे आम्ही चौघं गेलो. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे बंदूक-पिस्तुलाला परवाना लागतोच. तलवारी, खंजीर, संगिनी हे 2016 च्या शस्त्र नियमांत वेगळ्या वर्गात येतात आणि ज्या भागाला कलम 4 ची अधिसूचना लागू असेल तिथे त्यांनाही परवाना लागतो. आपल्या भागात काय लागू आहे ते ऐकीव माहितीवर न ठेवता जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारावं, असं ते म्हणाले. लढाईतून आणलेली आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही. पुराण वस्तूंचा 1972 चा कायदाही कामाचा नाही, कारण त्यात शंभर वर्षं पूर्ण व्हावी लागतात. कुणाच्या घरी जपानी रायफल किंवा पिस्तूल असेल तर काम आणखी नाजूक. वारशाने आलेली धरूनही एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत, 2019 च्या दुरुस्तीपासून. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला कलम 45 मध्ये सवलत आहे, पण ते चालत नाही हे आपण घरी बसून ठरवायचं नाही. आणि मालक वारल्यावर हत्यार बाळगणं बेकायदा ठरत असेल तर कलम 21 प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं. जमा केलं म्हणून ते लगेच गमावलं असं होत नाही. वारसाला परवाना मिळाला तर परत मागता येतं. वाटणीच्या गडबडीत ही सोय कुणाला आठवत नाही. वकिलांनी एक गोष्ट दोनदा बजावली: अर्ज हाती असल्याशिवाय आणि आधी कळवल्याशिवाय ती वस्तू घेऊन रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, वरातीत मिरवायची तर बातच सोडा.

अर्ज मी लिहिला, थोरल्या भावाच्या नावाने. सोबत नानांच्या सुटकेच्या कागदाची प्रत, पदकाचा फोटो, तलवारीचे सगळ्या बाजूंनी फोटो, क्रमांकाचा ठसा आणि नानीचा जबाब. नानीने अंगठा नाही, सही केली, उर्दूत.

जमा करण्याआधी तिची नीट काळजी घ्यायची होती. मधल्याने पितळ चमकवायचं पॉलिश आणि पॉलिश पेपर आणून ठेवलं होतं. ते मी उचलून बाजूला ठेवलं. जुन्या धातूला चमक आणायची नसते, त्याचं आहे ते वाढू द्यायचं नसतं एवढंच. छाप आणि रंग दोन्ही घासल्याने जातात. मामू वर्षातून एकदा पात्याला जवसाचं तेल लावत. प्रेमाने लावत, पण जवसाचं तेल हवेत सुकून चिकट पिवळा पापुद्रा धरतं, आणि त्याखाली ओल राहते. तो पापुद्रा आम्ही मऊ सुती कापडाने, थोडं स्पिरिट लावून, हळूहळू काढला. दोन दुपारी गेल्या. मग शिलाई मशीनचं पातळ तेल, पुसल्यासारखं. हाताचा घाम लोखंडाला खातो, तेव्हा हातात स्वच्छ मोजे. प्लॅस्टिकच्या पिशवीत काही बांधायचं नाही, आपल्या पावसाळ्यात आत पाणी धरतं. खादीचं जुनं कापड धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा तेच गुंडाळलं.

पोलीस ठाण्यात हवालदार साहेबांनी शांतपणे अर्ज वाचला. त्यांचे आजोबाही फौजेत होते, असं बोलता बोलता निघालं. पावतीवर त्यांनी लिहिलं, जुनी तलवार, एक नग, म्यानासह. थोरला म्हणाला, साहेब, एवढ्यावर ओळखू कशी येईल, नंबर लिहा ना. त्यांनी चष्मा पुसला, पातं खिडकीच्या उजेडात धरलं आणि एकेक आकडा मोठ्याने वाचत लिहिला. मधल्या भावाने माझ्या कागदावरच्या ठशाशी तो ताडून पाहिला आणि मान हलवली. परवान्याचा निर्णय अजून यायचा आहे. पावती नानीने मागून घेतली आणि पदकाबरोबर आपल्या डब्यात ठेवली.